खडबडीत उतरणीवरून घसरणाऱ्या वस्तूचे त्वरण कसे काढावे

उतरणीवर ठेवलेली वस्तू किती त्वरणाने खाली घसरेल, हा प्रश्न यामिकीच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात येतो आणि त्याचे सूत्र एका ओळीत मावते. अडचण सूत्राची नसते. ते सूत्र कोणत्या परिस्थितीत लागू पडते हे न तपासताच त्यात आकडे भरले जातात, आणि मग जागची हलतही नसलेल्या वस्तूला त्वरण दिले जाते, किंवा वर ढकललेल्या वस्तूवरील घर्षणही उताराच्या वरच्या दिशेनेच दाखवले जाते. त्यामुळे सूत्राकडे वळण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात: वस्तू सरकते आहे का, आणि सरकत असल्यास कोणत्या दिशेने. ही दोन उत्तरे हाती आली की पुढे उरते ते बहुतांशी अंकगणित.

या लेखात थीटा म्हणजे उतरणीने क्षितिजसमांतर पातळीशी केलेला कोन, ग म्हणजे गुरुत्व त्वरण, स्थितिक म्यू म्हणजे स्थितिक घर्षणाचा (वस्तू स्थिर असतानाच्या घर्षणाचा) गुणांक आणि गतिक म्यू म्हणजे गतिक घर्षणाचा (वस्तू सरकत असतानाच्या घर्षणाचा) गुणांक. ग ची किंमत सर्वत्र ९.८ मी/से² धरली आहे.

आकृती आणि अक्ष

आकृती काढताना उतरणीचा कोन मुद्दाम लहान, साधारण २० ते २५ अंशांचा ठेवावा. ४५ अंशांच्या जवळ काढलेल्या आकृतीत वजनाचे दोन्ही घटक सारख्याच लांबीचे दिसतात आणि कोणता घटक साइनचा व कोणता कोसाइनचा, हे नजरेने ओळखण्याची सोय जाते. कोन लहान असेल तर उतरणीला लंब असलेला घटक ठळकपणे मोठा दिसतो, आणि लिहिताना गफलत झाली तर आकृतीच ती दाखवून देते.

वस्तूवर कोणी ढकलत किंवा ओढत नसेल, तर तिच्यावर तीनच बले असतात. पहिले वजन, जे सरळ खाली, पृथ्वीच्या केंद्राकडे असते. उतरण कितीही कलली तरी वजनाची दिशा बदलत नाही. दुसरे अभिलंब बल, म्हणजे पृष्ठभागाने वस्तूवर पृष्ठभागाला लंब दिशेने दिलेला रेटा. तिसरे घर्षण, जे पृष्ठभागालगत असते. अनेक वह्यांमध्ये उताराच्या खालच्या दिशेने ‘घसरवणारे बल’ म्हणून चौथा बाण काढलेला असतो. असे वेगळे बल अस्तित्वातच नाही, तो वजनाचाच एक घटक आहे. वजनाचे घटक दाखवायचेच असतील तर ते तुटक रेषांनी दाखवावेत, म्हणजे वजन आणि त्याचे घटक असे दोन्ही एकाच बेरजेत जाणार नाहीत.

अक्ष घ्यायचे ते एक उतरणीलगत आणि दुसरा तिला लंब. वस्तू पृष्ठभाग सोडून उडत नाही आणि पृष्ठभागात रुतत नाही, त्यामुळे लंब दिशेचे त्वरण शून्य असते आणि सगळे त्वरण उतरणीलगतच्या अक्षावर येते. क्षितिजसमांतर आणि उभे असे नेहमीचे अक्ष घेतले तरी उत्तर तेच येईल, परंतु तेव्हा त्वरणाचेही दोन घटक करावे लागतील, अभिलंब बलाचेही आणि घर्षणाचेही. तिरपे अक्ष घेतल्यास एकट्या वजनाचेच घटक करून भागते. वस्तू ज्या दिशेने जात आहे किंवा जाण्याची अपेक्षा आहे, ती दिशा धन धरावी आणि गणित संपेपर्यंत ती बदलू नये.

वजनाचे दोन घटक

उतरण क्षितिजसमांतर पातळीपासून जितकी कलते, तितकाच तिचा लंब उभ्या रेषेपासून कलतो. त्यामुळे वजनाची रेषा आणि उतरणीचा लंब यांच्यामधला कोनही थीटाच असतो. या कोनाला लगत असणारा घटक लंब दिशेचा, म्हणून तो वजन × कोसाइन थीटा. समोरचा घटक उतरणीलगतचा, म्हणून तो वजन × साइन थीटा.

हे पाठ करण्याची गरज नाही, कारण शंका आली तर कोन शून्य करून पाहता येतो. उतरण पूर्ण सपाट झाली तर उतरणीलगत काहीच ओढ उरू नये आणि सगळे वजन पृष्ठभागावर पडावे. साइन शून्याची किंमत ० आणि कोसाइन शून्याची किंमत १ असल्याने वरची मांडणी या कसोटीला उतरते.

इथे कॅल्क्युलेटरविषयी सांगणे आवश्यक आहे. तो अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर राहिला असेल तर साइन ३० ची किंमत ०.५ ऐवजी उणे ०.९८८ अशी येते. उणे चिन्हामुळे निदान संशय तरी येतो. काही कोनांना मात्र चुकीची किंमत धन आणि वरकरणी पटण्याजोगी निघते, आणि तेव्हा चूक शेवटपर्यंत लक्षात येत नाही. म्हणून गणिताला बसण्यापूर्वी साइन ३० दाबून ०.५ येते का, एवढे पाहून घ्यावे.

वस्तू मुळात घसरते का

लंब दिशेने त्वरण नसल्यामुळे अभिलंब बल हे वजनाच्या लंब घटकाइतके, म्हणजे वजन × कोसाइन थीटा इतके असते. ते पूर्ण वजनाइतके धरणे ही या प्रकारच्या गणितातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि कोन जसजसा वाढतो तसतशी ती अधिक महागात पडते. ६० अंशांच्या उतरणीवर अभिलंब बल वजनाच्या निम्मेच असते.

स्थितिक घर्षणाची किंमत ठरलेली नसते. वस्तूला स्थिर ठेवण्यासाठी जेवढे लागेल तेवढेच ते होते, मात्र स्थितिक म्यू × अभिलंब बल या कमाल मर्यादेपलीकडे ते जाऊ शकत नाही. म्हणून विरामात ठेवलेली वस्तू घसरू लागण्यासाठी उतरणीलगतचा वजनाचा घटक या मर्यादेहून मोठा असावा लागतो. दोन्ही बाजूंतून वजन वगळले आणि कोसाइन थीटाने भागले की अट इतकीच उरते:

टॅन थीटा > स्थितिक म्यू

या अटीत वस्तुमान नाही आणि ग सुद्धा नाही. जड पेटी आणि हलकी पेटी, दोन्हींचे तळ सारखे असतील तर त्या एकाच कोनाला सुटतात. चंद्रावर गुरुत्व त्वरण सुमारे १.६२ मी/से² म्हणजे पृथ्वीवरील मूल्याच्या साधारण एक षष्ठांश आहे, तरीही घर्षण गुणांक तोच राहिला तर वस्तू सुटण्याचा कोन तिथेही बदलणार नाही. सुटल्यानंतरचे त्वरण तेवढे कमी असेल.

अट पूर्ण होत नसेल तर त्वरण शून्य आणि गणित तिथेच संपले. अशा वेळी घर्षण किती, असे विचारले असेल तर उत्तर वजन × साइन थीटा हे असते. स्थितिक म्यू × अभिलंब बल ही केवळ मर्यादा आहे, ती उत्तर म्हणून लिहू नये.

सूत्र

वस्तू खाली घसरत असताना तिच्यावर गतिक घर्षण असते, त्याची किंमत गतिक म्यू × वजन × कोसाइन थीटा इतकी असते आणि दिशा उताराच्या वर असते. उतरणीलगतच्या एकूण बलाला वस्तुमानाने भागले की न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण मिळते. वजन म्हणजे वस्तुमान × ग असल्यामुळे वस्तुमान वर आणि खाली दोन्हीकडे येऊन निघून जाते आणि उरते ते असे:

त्वरण = ग × (साइन थीटा − गतिक म्यू × कोसाइन थीटा)

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. ४ किलोग्रॅमचा ठोकळा ३० अंशांच्या उतरणीवर विरामात ठेवला आहे. स्थितिक म्यू ०.४० आणि गतिक म्यू ०.३० आहे. वजन ३९.२ न्यूटन. उतरणीलगतचा घटक ३९.२ × ०.५ म्हणजे १९.६ न्यूटन आणि अभिलंब बल ३९.२ × ०.८६६ म्हणजे ३३.९५ न्यूटन. स्थितिक घर्षणाची मर्यादा ०.४० × ३३.९५ म्हणजे १३.५८ न्यूटन, जी १९.६ हून कमी आहे, ठोकळा सुटतो. सुटल्यावर घर्षण ०.३० × ३३.९५ म्हणजे १०.१८ न्यूटनवर येते, उरलेले बल ९.४२ न्यूटन आणि त्वरण ९.४२ ÷ ४ म्हणजे सुमारे २.३५ मी/से², उताराच्या खाली.

घर्षण नसते तर हेच त्वरण ४.९ मी/से² आले असते. उत्तर नेहमी या घर्षणरहित मूल्याशी पडताळावे: घसरत खाली येणाऱ्या वस्तूचे त्वरण ग × साइन थीटा या मूल्यापेक्षा कधीही जास्त येऊ शकत नाही.

तीन प्रकारचे कोन

स्थितिक आणि गतिक असे दोन गुणांक असण्याचा खरा परिणाम एका उदाहरणात दिसत नाही. तोच ठोकळा ठेवून कोन बदलत नेला की तो दिसतो. ज्या कोनाचा टॅन ०.४० असतो तो सुमारे २१.८ अंश, आणि ज्याचा टॅन ०.३० असतो तो सुमारे १६.७ अंश. या दोन कोनांमुळे उतरणीचे तीन पट्टे पडतात.

२१.८ अंशांच्या वर ठोकळा आपोआप सुटतो आणि वेग घेतो. वरचे उदाहरण या पट्ट्यातले.

१६.७ आणि २१.८ अंशांच्या मधला पट्टा सर्वांत रंजक आहे, कारण तिथे उत्तर केवळ कोनावर ठरत नाही, वस्तू आधी स्थिर होती की चालती यावरही ठरते. कोन २० अंश घ्या. उतरणीलगतचा घटक ३९.२ × ०.३४२ म्हणजे १३.४१ न्यूटन, आणि स्थितिक घर्षणाची मर्यादा ०.४० × ३६.८४ म्हणजे १४.७३ न्यूटन. विरामात ठेवलेला ठोकळा जागीच राहतो, घर्षण १३.४१ न्यूटन आणि त्वरण शून्य. त्याच ठोकळ्याला बोटाने किंचित धक्का देऊन हलवले, तर घर्षण ११.०५ न्यूटनवर उतरते, ते १३.४१ न्यूटनला पुरे पडत नाही आणि ठोकळा सुमारे ०.५९ मी/से² त्वरणाने खाली निघतो. ‘वस्तू विरामातून सोडली’ की ‘वस्तू घसरत आहे’, हे प्रश्नातले शब्द म्हणूनच बारकाईने वाचावे लागतात.

१६.७ अंशांच्या खाली, चालती वस्तूही मंदावत जाते. १२ अंशांच्या उतरणीवर खाली घसरत असलेल्या या ठोकळ्यासाठी सूत्र ९.८ × (०.२०७९ − ०.२९३४) म्हणजे सुमारे उणे ०.८४ मी/से² असे उत्तर देते. हे उणे चिन्ह बरोबर आहे आणि त्याचा अर्थ इतकाच, की त्वरण वेगाच्या विरुद्ध आहे. ठोकळा थांबेपर्यंतच ते खरे असते. थांबल्यावर गतिक घर्षण संपते, स्थितिक घर्षण सुरू होते आणि त्वरण शून्य होते. ठोकळा उलटा वर चढू लागेल असे मानणे म्हणजे घर्षणाने वस्तूला गती दिली असे मानणे होय. आणि हाच आकडा विरामात असलेल्या वस्तूसाठी आला असेल, तर तो सूत्र चुकीच्या जागी वापरल्याची खूण समजावी.

कोन बरोबर १६.७ अंश असेल, तर धक्का दिलेला ठोकळा एकसमान वेगाने घसरत राहतो. गतिक म्यू मोजण्याची एक जुनी रीत यावरच आधारलेली आहे: फळी हळूहळू उचलत जावे, प्रत्येक कोनाला ठोकळ्यावर हलकी टिचकी द्यावी, आणि तो न थांबता व न वेगावता सरकू लागला की त्या कोनाचा टॅन काढावा. टिचकी न देता फळी उचलत नेली तर ठोकळा ज्या कोनाला स्वतःहून सुटतो त्याचा टॅन स्थितिक म्यू देतो.

वर ढकललेली वस्तू

घर्षण उताराच्या वर असते, हे वाक्य खाली घसरणाऱ्या वस्तूपुरतेच खरे आहे. घर्षण पृष्ठभागाच्या सापेक्ष असलेल्या सरकण्याला विरोध करते. उतार कोणत्या बाजूला आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. वर ढकलून सोडलेली वस्तू वर जात असेपर्यंत घर्षण खालच्या दिशेने असते, म्हणजे वजनाच्या घटकाच्या जोडीला असते, आणि दोन्ही मिळून तिला थांबवतात. तेव्हा खालच्या दिशेचे त्वरण असे:

त्वरण = ग × (साइन थीटा + गतिक म्यू × कोसाइन थीटा)

३० अंशांच्या उतरणीवर तोच ठोकळा ६ मी/से या आरंभीच्या वेगाने वर ढकलला असे समजा. खालच्या दिशेचे त्वरण ९.८ × (०.५ + ०.२५९८) म्हणजे ७.४५ मी/से². ठोकळा ३६ ÷ (२ × ७.४५) म्हणजे सुमारे २.४२ मीटर वर जातो आणि त्याला सुमारे ०.८१ सेकंद लागतात. वर पोहोचल्यावर क्षणभर वेग शून्य होतो, आणि या क्षणी स्थितिक घर्षणाची कसोटी पुन्हा लावावी लागते, कारण ठोकळा तिथेच अडकूनही राहू शकतो. टॅन ३० म्हणजे ०.५७७, ते ०.४० हून मोठे; ठोकळा परततो. परतीचे त्वरण आधीच काढलेले २.३५ मी/से². तेवढेच अंतर उतरायला सुमारे १.४३ सेकंद लागतात आणि मूळ जागी त्याचा वेग सुमारे ३.३७ मी/से असतो.

चढायला ०.८१ सेकंद आणि उतरायला १.४३ सेकंद; गेला ६ मी/से वेगाने आणि आला ३.३७ मी/से वेगाने. हवेत उभा फेकलेला चेंडू, हवेचा रोध सोडून दिला तर, चढताना आणि उतरताना सारखाच वेळ घेतो. खडबडीत उतरणीवर ही सममिती मोडते, आणि ज्या उत्तरात दोन्ही वेळ समान आले असतील त्यात घर्षणाची दिशा उलटवायची राहून गेली आहे असे खुशाल समजावे.

हा हिशेब ऊर्जेनेही पडताळता येतो. आरंभी गतिज ऊर्जा ½ × ४ × ३६ म्हणजे ७२ जूल. शेवटी, त्याच उंचीवर, ½ × ४ × ११.३८ म्हणजे सुमारे २२.८ जूल. फरक ४९.२ जूल. घर्षणाने जाता-येता केलेले कार्य १०.१८ न्यूटन × ४.८३ मीटर म्हणजे ४९.२ जूल. दोन स्वतंत्र वाटांनी एकच आकडा आला की गणितावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

चौथे बल आले तर

दोरीची ओढ किंवा हाताचा रेटा असेल, तर पाठ केलेले सूत्र बाजूला ठेवून पुन्हा दोन अक्षांवर बेरीज करावी. कारण असे बल उतरणीलगत नसेल तर ते अभिलंब बलही बदलते, आणि अभिलंब बल बदलले की घर्षण बदलते.

३० अंशांच्या उतरणीवरून घसरत असलेल्या आपल्या ठोकळ्याला ५ न्यूटनचे क्षितिजसमांतर बल उतरणीच्या दिशेने आत रेटत आहे असे धरा. या बलाचा उतरणीलगतचा घटक ५ × कोसाइन ३० म्हणजे ४.३३ न्यूटन, वरच्या दिशेने. लंब घटक ५ × साइन ३० म्हणजे २.५ न्यूटन, पृष्ठभागात दाबणारा. इथे साइन आणि कोसाइन यांच्या जागा वजनाच्या तुलनेत बदललेल्या आहेत, कारण हे बल उभे नसून आडवे आहे. अभिलंब बल ३३.९५ + २.५ म्हणजे ३६.४५ न्यूटन, घर्षण १०.९३ न्यूटन, एकूण बल १९.६ − ४.३३ − १०.९३ म्हणजे ४.३४ न्यूटन आणि त्वरण सुमारे १.०८ मी/से². आता वस्तुमान वगळले जात नाही. तेच ५ न्यूटन ४० किलोग्रॅमच्या ठोकळ्याला जेमतेम जाणवले असते.

सूत्राच्या मर्यादा

घर्षण अभिलंब बलाच्या समप्रमाणात असते आणि स्पर्शाच्या दृश्य क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे नियम फ्रेंच शास्त्रज्ञ अमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कूलॉम यांनी विस्तृत प्रयोगांनी ते पक्के केले. त्यामुळेच ठोकळा रुंद बाजूवर ठेवला काय किंवा अरुंद बाजूवर ठेवला काय, बाजू सारख्याच गुळगुळीत असतील तर त्वरण तेच येते. परंतु हे अनुभवावर आधारलेले नियम आहेत, गुरुत्वाकर्षणाच्या नियमाइतके मूलभूत नाहीत. पृष्ठभागावरची धूळ, ओलावा, तेलाचा पातळ थर किंवा तीच फळी वारंवार वापरून आलेला गुळगुळीतपणा यांमुळे गुणांक बदलतो, आणि कोष्टकात दिलेल्या किमती म्हणून अंदाजापुरत्याच घ्याव्यात. दोन दशांश स्थळांपलीकडे गुणांक लिहिणे बहुतेक वेळा निरर्थक असते.

घरंगळणारी वस्तू ही या सूत्राच्या कक्षेबाहेरची आहे. गॅलिलिओने उतरणीवर केलेले प्रसिद्ध प्रयोग गोळे घरंगळवून केलेले होते. भरीव गोळा न घसरता घरंगळत असेल तर त्याचे त्वरण ग × साइन थीटा याच्या पाच सप्तमांश, म्हणजे ३० अंशांना ३.५ मी/से² असते, आणि त्यात घर्षण गुणांक येतच नाही, कारण स्पर्शबिंदू पृष्ठभागावर सरकत नसल्याने तिथे स्थितिक घर्षण काम करत असते. प्रश्नात गोळा, चाक किंवा नळकांडे दिसले की ते घसरते की घरंगळते, हे आधी पाहावे.

प्रत्यक्ष मोजताना

फळीवर आरंभरेषा आणि अंतिमरेषा आखून, ठोकळा विरामातून सोडून, मधले अंतर पार करण्यास लागणारा वेळ मोजावा. त्वरण स्थिर असल्याने त्वरण = २ × अंतर ÷ वेळेचा वर्ग. आपल्या उतरणीवर अंतर १.२० मीटर असेल तर वेळ १.०१ सेकंद येईल, आणि त्यावरून त्वरण २.३५ मी/से² मिळेल. उलट वाटेने गुणांकही काढता येतो: गतिक म्यू = टॅन थीटा − त्वरण ÷ (ग × कोसाइन थीटा). वरच्या आकड्यांनी ०.५७७ − ०.२७७ म्हणजे ०.३० येते.

वेळेचा वर्ग होत असल्यामुळे तिच्यातली शेकडा चूक उत्तरात दुप्पट होते. हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.१ सेकंदाची गफलत सहज होते, १.०१ सेकंदात ती जवळजवळ १० टक्के आणि त्वरणात सुमारे २० टक्के. मोबाइलवर सेकंदाला ६० चौकटींच्या गतीने चित्रण करून चौकटी मोजल्या तर एका चौकटीची चूक १.७ टक्क्यांच्या आत राहते. ठोकळा सोडताना हाताचा धक्का लागू नये, यासाठी तो समोरून अडवून धरावा आणि अडसर चटकन काढून घ्यावा. मागून धरून सोडल्यास नकळत आरंभीचा वेग मिळतो. निरनिराळी अंतरे घेऊन अंतर आणि वेळेचा वर्ग यांचा आलेख काढला, तर तो सरळ रेषेत येतो की नाही यावरून त्वरण खरोखर स्थिर होते का हेही कळते. रेषेच्या चढाची दुप्पट म्हणजे त्वरण.

कोनाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ३० अंशांच्या आसपास कोनात एका अंशाची चूक झाली, तर त्वरणात सुमारे ०.१७ मी/से² म्हणजे ७ टक्क्यांहून अधिक फरक पडतो. १८ अंशांच्या उतरणीवर, धक्का देऊन चालत्या केलेल्या ठोकळ्याचे त्वरण अवघे ०.२३ मी/से² असते आणि एका अंशाची चूक त्यात ०.१८ चा फरक करते, म्हणजे उत्तराला काही अर्थच उरत नाही. त्यामुळे गुणांक काढण्यासाठी असा प्रयोग करायचा असेल तर उतरण सुटण्याच्या कोनापेक्षा बरीच चढी ठेवावी, आणि कोनमापक बाजूला ठेवून मोजपट्टीने फळीची लांबी व वरच्या टोकाची उंची मोजावी. उंचीला लांबीने भागले की साइन थेट मिळतो, आणि १.२० मीटरच्या फळीवर उंची मोजताना ५ मिलिमीटरची चूक झाली तरी ३० अंशांजवळ कोनात फरक पडतो तो जेमतेम पाव अंशाचा.